मंडप, वारा आणि आकाश

पांझरेच्या काठी वसलेल्या पिंपळनेरच्या नावातच पिंपळ आहे. वैशाखात खानदेशचा पारा चाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा सावलीचे आणि वाऱ्याचे मोल आम्हां खानदेशकरांना कोणी शिकवावे लागत नाही. गावातील धाब्याची मातीची घरे आणि डोंगराकडच्या पाड्यांवरील शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंती म्हणजे येथल्या माणसाने निसर्गाशी केलेला समेटच होय. याच जातीचे शहाणपण प्रदर्शनांच्या मंडपांत आणि तेथून एका प्रभुमंदिरात कसे पोहोचले, तो इतिहास आपण जाणून घेण्याजोगा आहे.

१८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनासाठी काच आणि लोखंड यांचा 'क्रिस्टल पॅलेस' उभारणारा जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा माळी. त्याने जोपासलेल्या व्हिक्टोरिया कमळाच्या प्रचंड पानाने त्याच्या लहानग्या मुलीचा भार सहज पेलला. पानाखालच्या शिरांच्या जाळीत त्याला हलक्या पण भक्कम छताचे मर्म दिसले. रानफुलांकडे पाहा, असे प्रभू येशूने शिष्यांना सांगितले होते. पाहणाऱ्याला निसर्ग असा शिकवतो.

आपल्याकडे ही दृष्टी लाभली ती चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांना. गोमंतकीय कॅथलिक घराण्यातील कोरिया मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकले. १९५८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी हातमाग मंडप रचला. मातीच्या भिंती, टप्प्याटप्प्याने चढत जाणारे चौथरे आणि वर हातमागाच्या कापडाच्या छत्र्या! झाडाखाली पानांतून गाळून यावे तसे ऊन तेथे कापडातून उतरे. १९६१ साली दिल्लीतच हिंदुस्थान लिव्हरच्या मंडपासाठी त्यांनी घड्या घातल्यासारखे काँक्रीटचे कवच योजले आणि छतावर धुराडी उभारली. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते, हा साधा नियम तेथे कामी आला.

ते मंडप तात्पुरते होते. काम सरताच ते गेले. विचार मात्र उरला. दादरचे 'पोर्तुगीज चर्च' आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १५९६ पासूनच्या त्या धर्मस्थळी १९७० च्या दशकात कोरियांनी नवी वास्तू उभी केली. तिच्यात छताखालील दालने आणि उघडी अंगणे एकमेकांत मिसळली आहेत. उंच निमुळत्या छतांतून उष्ण हवा बाहेर पडते आणि वरून प्रकाश वेदीकडे उतरतो. प्रार्थनेला भिंतींइतकीच आकाशाचीही गरज असते, हे त्या वास्तूने दाखविले.

पुढे २०१० साली शांघायच्या जागतिक प्रदर्शनात भारताच्या मंडपावर बांबूचा घुमट उभा राहिला. आपल्या पाड्यांवरील कुडाला जो बांबू लागतो, तोच तेथे राष्ट्राची शोभा झाला!

आणि आपण? नवे चर्च वा सभागृह बांधताना पत्रे ठोकायचे, खिडक्या बंद काचांच्या करायच्या आणि मग भर मिस्सात घामाघूम व्हायचे, हे आपल्या अंगवळणी पडत चालले आहे. पैशांची चणचण हे त्याचे एकमेव कारण नव्हे. माती, बांबू आणि झाड यांना आपण गरिबीची खूण मानू लागलो, हेही एक कारण आहे. धर्मग्रामात पुढचा नकाशा काढण्यापूर्वी वास्तुशिल्पीला गावातील वडीलधाऱ्यांजवळ बसवावे. वारा कोठून येतो आणि दुपारची सावली कोठे पडते, हे त्यांना ठाऊक असते.