फोटोत नसलेली बॅच

आमच्या दहावीच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंग, सोयाबीनचे भाव आणि कुणाच्या तरी पोराच्या जावळाचे फोटो येतात. गेल्या दिवाळीत कुणीतरी २०१३ च्या निरोप समारंभाचा फोटो टाकला आणि स्नेहमेळाव्याची टूम निघाली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे यादी करायचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. "तू एक्सेलवाला, तूच कर."

फोटोत आम्ही ४१ जण आहोत. मधे खुर्च्यांवर सर आणि मॅडम, एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलं, मागे शाळेची भिंत. यादी तासाभरात झाली असती. पण त्याच आठवड्यात गावी, म्हणजे ईटला गेलो होतो आणि घरच्या माळ्यावर आठवीतली गणपतीच्या वर्गणीची वही सापडली. वर्गप्रमुख मी होतो, त्यामुळे अक्षर माझंच. वहीत ५८ नावं होती.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. १७ नावं फोटोत नव्हती. त्यातले चार-पाच जण शाळा बदलून भूमला, बार्शीला गेले होते, ते मला आठवत होतं. बाकीचे कुठे गेले हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नव्हता. त्यांच्या बाकावर दुसरं कुणीतरी बसलं आणि वर्ग चालू राहिला.

आमच्या भागात दहावीची बॅच असणं ही गोष्टच किती अलीकडची आहे, हे मला या निमित्ताने कळलं. माझ्या आजोबांची बॅच नव्हती. त्यांचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. संस्थानात चार भाषा बोलणारी माणसं राहत, पण कारभार उर्दूत चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू होतं. सुरुवातीच्या इयत्ता मराठीत झाल्या, तरी हायस्कुलात गणित, इतिहास, भूगोल सगळं उर्दूतून. शेतकऱ्याच्या पोराची शाळा तिथेच संपायची. परवडत असेल तर लोक मुलांना सरहद्द ओलांडून बार्शीला धाडत. बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती, तिथे मराठीतून शिकता येई.

या परिस्थितीवरचं एक उत्तर आमच्याच जिल्ह्यात तयार झालं. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे मुख्याध्यापक होते. याच काळात संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या शाळेत गेले आणि नंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. आम्ही १७ सप्टेंबरला झेंडावंदन करायचो, भाषणात त्यांचं नाव घ्यायचो. पण ते आधी शाळामास्तर होते आणि तेही आपल्याच जिल्ह्यात, हे माझ्या कधी डोक्यातच शिरलं नव्हतं.

१९३८ मध्ये तर अख्खे वर्गच रस्त्यावर आले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी झाली. मुलांनी बंदी मोडली आणि चळवळ उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचली. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. एका अर्थाने तीही फोटोत नसलेलीच बॅच. फक्त तिचं नाव इतिहासात राहिलं.

१९४८ मध्ये संस्थान मुक्त झालं तेव्हा आजोबा दहाएक वर्षांचे होते. थोडी उर्दू शिकले, ती कामाची राहिली नाही. चौथीनंतर गुरं राखायला गेले. त्यांच्या तरुणपणी सगळं झपाट्याने बदललं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. गावोगावी शाळा पोचल्या.

वडील त्या शाळांमधले. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं धरायचे. गुरुजी जन्मतारीख लिहायचे १ जून. वडिलांच्या वर्गातली निम्मी मुलं एकाच दिवशी जन्मली आहेत. आमच्यातही असे सात-आठ आहेत. १९७२ च्या दुष्काळात वडील पहिली-दुसरीत होते. आजी-आजोबा खडी फोडायला जात आणि वडील शाळेत मिळणाऱ्या सुकडीसाठी जात. "शाळा सुकडीनं शिकवली," असं ते अजून म्हणतात.

१९७५ पासून बोर्डाची परीक्षा अकरावीऐवजी दहावीला आली. वडिलांनी ती १९८१ मध्ये दिली आणि इंग्रजीत गेले. दोनदा ऑक्टोबरची वारी केली, मग नाद सोडला आणि खव्याच्या भट्टीवर कामाला लागले. भूम तालुक्यात दूध आणि खवा हाच बऱ्याच जणांचा आधार, कुंथलगिरीचा पेढा त्यातूनच नावाला आलेला. आमच्या घरात दहावी पास झालेला पहिला माणूस मी.

आता आमची बॅच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि जूनमध्ये आम्ही आठवीत गेलो. तेव्हा कायद्याने आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नव्हतं, शाळेतून काढायचं नाही. म्हणून माझ्या वहीत ५८ नावं आहेत. हे कवच आठवीला संपलं. नववीपासून पुन्हा नापास, पुन्हा फी, पुन्हा "पोरगी मोठी झाली".

त्यातच २०१२ चा पाऊस गेला. त्या हिवाळ्यात टँकर सुरू झाले, जनावरं चारा छावणीत गेली. रानात काही नाही म्हटल्यावर माणसं उसाला गेली. ऊसतोड आमच्या भागाला नवी नाही. १९५० मध्ये लोणीला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली आणि ऊस तोडायला बालाघाटाच्या डोंगरावरून माणसं जाऊ लागली. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास निघायचं, पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडला की परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात.

हे मी लहानपणापासून ऐकत होतो, पण दोन कॅलेंडरं कधी एकावर एक ठेवून पाहिली नव्हती. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. उसाचा हंगाम दिवाळी ते पाडवा. म्हणजे परीक्षा बरोबर हंगामात. मुलांना गावात ठेवता यावं म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत. पण चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे घराला काम करणारे दोन हात आणि तेवढीच मुलगी मागे एकटी ठेवायला आई-बापाचं मन धजत नाही. मग लग्न लावून देतात. कायदा १८ वर्षं म्हणतो. पण लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो.

मी फोन लावायला सुरुवात केली. १७ पैकी ११ जण सापडले. एकजण चाकणला कंपनीत कंत्राटावर आहे. एकाची स्वतःची टोळी आहे, तो आता मुकादम आहे. एकजण वारला, हे मला १२ वर्षांनी कळलं.

वर्गात गणितात माझ्या पुढे असणारी एक मुलगी होती. तिचा नंबर तिच्या भावाकडून मिळाला. ती कारखान्यावर होती, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मेळाव्याचं सांगितलं तर हसली.

"आरं, मी कुठंय तुमच्या बॅचला? मी तर नववीतच सुटले."

"आठवीच्या वर्गणीच्या वहीत तुझं नाव आहे. पाच रुपये दिले होतेस."

"दिले व्हते का?" थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "कधी ठेवलाय?"

"मे महिन्यात."

"मग जमंल. पट्टा पडलेला असतोय तवर."

ग्रुपवर बहुतेकांना मेळावा डिसेंबरमध्ये हवा होता. ख्रिसमसच्या सुट्ट्या, थंडी, पुण्या-मुंबईच्या पोरांची सोय. मी दोन्ही याद्या टाकल्या आणि मे महिना का, ते लिहिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाने लिहिलं, "मेमध्ये लई ऊन असतंय, मंडप मोठा लागंल." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

एक्सेलमध्ये आता ५८ ओळी आहेत. सहा जणांच्या नंबरचा रकाना अजून रिकामा आहे.