आंतरक्रिया-कॉन्ट्रास्ट (मेंदूचित्रणाच्या बहुस्तरीय विश्लेषणात)

एका घटकाचा मेंदूवरील परिणाम दुसऱ्या घटकाच्या स्थितीनुसार बदलतो का, हे तपासणारा भारित योग. थोडक्यात, दोन फरकांमधला फरक.

पॅट्रिक व्हुइलेमिए आणि सहकाऱ्यांचा 2001 सालचा एफएमआरआय प्रयोग याचे चांगले उदाहरण आहे. सहभागींना चेहरे व घरे एकत्र दाखवली गेली. चेहरे भयभीत किंवा निर्विकार होते आणि लक्ष कधी चेहऱ्यांकडे, कधी घरांकडे द्यायचे होते. चेहऱ्याकडे लक्ष असताना भयभीत व निर्विकार या स्थिती क व ख, लक्ष नसताना ग व घ मानल्या, तर आंतरक्रिया (क − ख) − (ग − घ) अशी मांडली जाते. म्हणजे वजने 1, −1, −1, 1. भयाच्या मुख्य परिणामासाठी मात्र 1, −1, 1, −1.

ही वजने कोणत्या स्तरावर द्यायची, हे घटक कुठे बदलतो त्यावर ठरते. पहिल्या स्तरावर एका स्कॅन-फेरीतील कालमालिकेवर प्रतिमान बसवतात, दुसऱ्यावर एकाच व्यक्तीच्या फेऱ्या एकत्र करतात, तिसऱ्यावर व्यक्ती-व्यक्तींमधील भिन्नता हिशेबात घेतात. दोन्ही घटक एकाच फेरीत बदलत असतील, तर चारही वजने पहिल्याच स्तरावर द्यावीत. पुढे फक्त सरासरी उरते. औषध एका दिवशी आणि निष्क्रिय गोळी दुसऱ्या दिवशी दिली असेल, तर एका दिवसातील स्थितींमधला फरक पहिल्या स्तरावर आणि दिवसांमधला दुसऱ्यावर घ्यावा. रुग्ण व निरोगी असे गट असतील, तर आधी प्रत्येक व्यक्तीचा फरक काढून तिसऱ्या स्तरावर गटांना 1, −1 द्यावे. प्रत्येक स्थितीचे नकाशे सुटे सुटे तिसऱ्या स्तरावर ओतणे धोक्याचे आहे: एकाच व्यक्तीची मापे परस्परसंबंधित असतात आणि प्रतिमान त्यांना स्वतंत्र समजते.

टी-चाचणी एकाच दिशेचे उत्तर देते. उलट दिशेसाठी सर्व चिन्हे बदलावी लागतात. एका घटकाच्या तीन व दुसऱ्याच्या दोन स्थिती असल्यास एक ओळ पुरत नाही, दोन ओळींची एफ-चाचणी लागते.

या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक गणिताची नसून तर्काची आहे. एका गटात फरक लक्षणीय आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून गट वेगळे ठरत नाहीत. नीवेनहाउस, फोर्स्टमन आणि वागेनमाकर्स यांनी 2011 साली मेंदूविज्ञानातील 513 लेख तपासले. ही चूक संभवत होती अशा 157 लेखांपैकी 79 मध्ये ती झालेली होती. निम्म्याहून अधिक लेखांत फरकांमधला फरक तपासलाच नव्हता, ही गोष्ट गंभीर आहे.

आंतरक्रिया आढळली, तरी नकाशावरचा ठिपका तिचा आकार सांगत नाही. क वाढल्याने ती आली की ग घटल्याने, हे चारही अंदाज काढून आलेखावर पाहावे. मात्र ज्या कॉन्ट्रास्टने तो भाग निवडला, त्याचीच चाचणी त्याच माहितीवर पुन्हा करू नये.