चंद्राआडचे रेडिओ स्रोत : उटीची निरीक्षणे आणि नारळीकर

विश्वाच्या आरंभकाळातील रेडिओ दीर्घिकांचा इतिहास आपल्या सीमाभागातील शिक्षकांना परका वाटण्याचे कारण नाही. त्यातील एका मोठ्या वादाचे एक पक्षकार डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली, निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवरील कोल्हापुरात झाला.

१९४८ मध्ये फ्रेड हॉईल, बाँडी व गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. त्यानुसार विश्व सर्व काळी सारखेच दिसले पाहिजे. दूरचा प्रकाश जुना असतो. तेव्हा दूरच्या, म्हणजे पूर्वीच्या, दीर्घिकाही आजच्यासारख्याच असाव्यात. १९६१ साली केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनी जाहीर केले की, क्षीण रेडिओ स्रोत या सिद्धान्ताच्या हिशेबाहून अधिक भरतात. प्रतिवादाचे काम हॉईल यांनी विद्यार्थी नारळीकरांवर सोपविले.

मोजणीबद्दल वाद घालता येत होता; आकाराची कसोटी वेगळी होती. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. उतार तेथील अक्षांशाइतकाच, सुमारे ११ अंश, असल्याने तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर येतो. चंद्र स्रोतासमोर आला की संदेश मंदावत जातो. त्या मंदावण्यातून स्रोताचे स्थान व आकार कळतो. यास चांद्रपिधान म्हणतात. (आपण चंद्र दिसावा म्हणून आकाश न्याहाळतो, हे संशोधक त्याने काय झाकले ते पाहत. रोहिणी तारकाही अशीच चंद्राआड जाते. तिचे अरबी नाव अद्-दबरान, म्हणजे मागून येणारा.)

१९७५ मध्ये स्वरूप व विजय कपाही यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्रोत जितके क्षीण, तितका त्यांचा कोनीय आकार लहान. पूर्वीच्या रेडिओ दीर्घिका संख्येने अधिक आणि आकाराने लहान होत्या, असे मानल्याशिवाय हे आकडे जुळत नव्हते. म्हणजे विश्व बदलत आले होते.

विशेष हे की, नारळीकर १९७२ पासून स्वरूप यांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पाठ्यपुस्तके हा वाद एका ओळीत निकालात काढतात, ते योग्य नव्हे. ही कसोटी शक्य झाली, कारण स्थिर स्थिती सिद्धान्ताने खोटे ठरता येईल असे स्पष्ट भाकीत केले होते. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्याची सुधारित मांडणीही केली.

स्वरूप यांनी पुढे नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी उभारली. कमी वारंवारतेला प्रखर व अधिक वारंवारतेला झपाट्याने मंदावणारे स्रोत तेथे निवडले जातात. असे स्रोत बहुधा फार दूरचे निघतात. अंतर मात्र वर्णपट घेतल्यावरच ठरते.