कोंडा, इसबगोल आणि आतड्याचा दाह



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानाला उभे राहावे ते मजुरीवर, बोनसवर किंवा महागाईवर बोलण्यासाठी, अशी आपली समजूत असते. आम्ही आज कोंड्यावर बोलणार आहोत. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. या विषयातले जे काही कळते ते वाचनालयात बसून आणि डॉक्टरांस प्रश्न विचारून विचारून मिळवलेले आहे.

विषय गळ्यात पडला तो आमच्या संघटनेतल्या एका तेवीस वर्षांच्या मुलामुळे. एका पाळीत पाच-सहा वेळा त्यास यंत्र सोडून शौचास धावावे लागे, रक्त पडे, आणि पर्यवेक्षक त्याच्या खेपा वहीत मांडून ठेवी. कामाच्या वेळात कामगाराला केव्हाही जाता येईल अशा सोयीच्या जागी शौचालये असावीत, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १९व्या कलमात लिहिलेले होते. ते कलम आम्ही पुढे ठेवले तेव्हा वही बंद झाली. पण कलमाने आतडे बरे होत नाही.

रोगाचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तरास सूज येते, व्रण पडतात, आणि पुष्कळांस तो पंधरा ते तीस या वयातच गाठतो. मुलाने खावे काय, यावर घरात तीन पक्ष पडले. आई म्हणे भाकरी बंद, मऊ भात खा. आजी म्हणे इसबगोल घे. मुलगा स्वतः जाहिरातीतली चोथ्याची पूड घेऊन आला. गंमत अशी की या तिन्ही पक्षांना वैद्यकाच्या इतिहासात आधार सापडतो.

आईचा पक्ष जुना. मोडलेल्या हाताला जशी फळी बांधून विश्रांती देतात, तशी जखमी आतड्यालाही द्यावी, म्हणून कोंडा, साली, बिया सगळे वर्ज्य. विसाव्या शतकात कित्येक दशके रोग्यांस हाच आहार सांगितला जाई, रोग शांत असतानाही.

मग वारे फिरले, आणि ते फिरवण्यात एका शल्यविशारदाचा मोठा हात होता. डेनिस बर्किट हे आयर्लंडचे. लहानपणी अपघातात एक डोळा गेलेला. युगांडातील कंपाला येथे त्यांनी वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया केल्या. १९५८ साली त्यांनी वर्णिलेला मुलांचा कर्करोग आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९६६ साली ते ब्रिटनला परतले. अपेंडिक्स, मूळव्याध, आतड्याचा कर्करोग हे तिकडचे नित्याचे रोग युगांडाच्या खेड्यांत इतके दुर्मिळ का, हा प्रश्न त्यांच्या मनात होता. १९७२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाल्लेले अन्न शरीरातून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजून छापले. युगांडाच्या खेडुतास सुमारे दीड दिवस, ब्रिटिश नाविकास तीन दिवसांहून अधिक! मलाचे वजन खेडुताचे चौपटीहून जास्त. कारण त्यांच्या मते चोथा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, पांढरा मैदा स्वस्त झाला, कोंडा गुरांच्या दावणीला गेला. (गुरांचे भले झाले, हे आम्हांस मान्य आहे.)

यातून कोंड्याची लाट उठली. पण बर्किट यांची मोजणी प्रामुख्याने धडधाकट माणसांची होती. व्रण पडलेल्या आतड्याचा न्याय त्यावरून कसा लावायचा?

त्याचा एक धागा १९८० साली सापडला. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी शक्ती ब्युटिरेट नावाच्या आम्लातून घेतात, असे रोडिगर या संशोधकाने दाखवले. हे आम्ल तेथे मुख्यतः अन्नातून पोचत नाही. आपल्याला न पचलेला चोथा आतड्यातले जंतू आंबवतात, तेव्हा ते तयार होते. म्हणजे चोथा हा नुसता झाडू नव्हे, अस्तराची शिदोरीही आहे.

आता आजीचा इसबगोल. नाव फारसी, अर्थ ‘घोड्याचा कान’, बीच्या आकारावरून पडलेला. पीक उत्तर गुजरातचे, उंझा-सिद्धपूरकडचे. १९९९ साली स्पेनमधून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रोग शांत असलेल्या शंभरावर रुग्णांपैकी काहींना वर्षभर इसबगोलाचे बी, काहींना मेसालामाइन हे नित्याचे औषध, काहींना दोन्ही दिले. उपाय फसला तो अनुक्रमे शंभरात ४०, ३५ आणि ३० जणांत. अंतर थोडे, रुग्ण थोडे. इसबगोल औषधाच्या तोडीचा ठरला असे यावरून कोणी ओरडेल तर आम्ही मानणार नाही. पण दोन्ही मिळून वाईट झाले नाही, हेही खरे.

मुलाच्या पुडीची कथा मात्र गुंतागुंतीची. तिच्यात इन्युलिन होते, चिकोरीच्या मुळातून काढतात ते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रोग चळलेल्या २५ रुग्णांस हाच प्रकार दिला होता. रोज १५ ग्रॅम घेणाऱ्यांपैकी शंभरी ७७ सुधारले, निम्मी मात्रा घेणाऱ्यांपैकी ३३. त्याच विद्यापीठातून २०२३ साली उलटी बातमी आली. काही रुग्णांच्या आतड्यांत हा चोथा आंबवणारे जंतूच कमी असतात. तेथे न आंबलेला चोथा दाह शमवण्याऐवजी भडकवतो. एकाची शिदोरी ती दुसऱ्याचे सरपण!

आमच्या मुलाने पुडीच्या भरवशावर गोळ्या सोडल्या. दीड महिन्यात त्यास रुग्णालयात न्यावे लागले. आम्ही पाळीने उशाशी बसलो. त्यास रागे भरावे की स्वतःस, ते कळेना, कारण पुडीचे पैसे संघटनेच्या मदतनिधीतून गेले होते आणि पावतीवर सही आमची होती.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले. रोग चळलेला असता कोंडा, साली, बिया बेताने. आतडे कोठे अरुंद झाले असेल तर फारच जपून. रोग निवला की भाजी, डाळ, भाकरी हळूहळू परत. इसबगोल घ्यायचा तर थोड्यापासून सुरुवात, भरपूर पाण्याबरोबर, आणि गोळ्या न सोडता.

मुलगा आता पुन्हा दुसऱ्या पाळीला जातो. डब्यात ज्वारीची भाकरी असते, आणि गोळ्यांची पाकिटे त्याची आजी मोजून ठेवते.