जीवाणुशास्त्रज्ञ

जीवाणू, म्हणजे सुस्पष्ट केंद्रक नसलेले एकपेशीय सूक्ष्मजीव, वेगळे करून वाढविणारा, ओळखणारा आणि त्यांचे रोगकारक वा उपयुक्त गुणधर्म तपासणारा वैज्ञानिक.

कार्यपद्धती : या शास्त्राचा पाया शुद्ध संवर्धन, म्हणजे एकाच प्रकारच्या जीवाणूंची वाढ, हा आहे. रॉबर्ट कॉख यांनी त्यासाठी जिलेटिन वापरले. परंतु ते शरीराच्या तापमानाला वितळत असल्याने, फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून समुद्रशैवलापासून मिळणारे आगर प्रचारात आले. आगराच्या बशीवर तापवून निववलेल्या तारेच्या कड्याने नमुना रेघारेघांनी पसरवला असता शेवटच्या रेघांवर सुट्या वसाहती उगवतात व त्यांतील एक उचलून पुन्हा वाढविली जाते. ग्रॅम रंजनात (१८८४) जांभळा रंग व आयोडीन दिल्यावर अल्कोहॉलने धुण्यास किंचित अधिक वेळ लागला, तरी जाड भित्तीचे जीवाणूही रंग सोडतात आणि ओळख चुकते. म्हणून हाताची सवय हाच या प्रशिक्षणाचा गाभा मानावा लागतो.

मुंबईतील कार्य : व्लादिमीर हाफकिन हे ओडेसा येथे प्राणिशास्त्र शिकलेले होते. वैद्यकाची पदवी नसताना त्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील कामापासून सुरुवात करून पटकीची लस सिद्ध केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवल्यावर त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत काम आरंभिले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून प्लेगचे जीवाणू खाली लोंबत वाढतात. ही वाढ हलवून पाडली की नवी येते, आणि अखेरीस ती उष्णतेने मारून लस बनते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात हलली व १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ व्यक्ती धनुर्वाताने दगावल्या. दूषण प्रयोगशाळेत झाले की बाटली उघडताना, यावर मतभेद झाले. पुराव्यांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे असून १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. निर्जंतुक हाताळणीचे महत्त्व या घटनेइतके क्वचितच अन्यत्र दिसते.

शिक्षण : भारतात बी.एस्सी., एम.एस्सी. व पीएच.डी. असा विज्ञानशाखेचा एक मार्ग आहे, एम.बी.बी.एस.नंतर सूक्ष्मजीवशास्त्रातील तीन वर्षांचा एम.डी. हा दुसरा. रुग्णालयांत थुंकी, रक्त व लघवी यांतील जीवाणू ओळखून कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे सांगणे, हे दुसऱ्या मार्गाने आलेल्यांचे मुख्य काम असते. जनुकक्रम वाचण्याच्या तंत्रामुळे ओळख पटविणे सुकर झाले आहे. तरीही जीवाणूवर औषधाचा प्रत्यक्ष परिणाम पाहण्यासाठी संवर्धनाला अद्याप पूर्ण पर्याय नाही.

अन्य क्षेत्रे : मृदा, दुग्धव्यवसाय, किण्वन-उद्योग. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे.