विल्मा मॅनकिलर: मतपेटीतून आलेले प्रमुखपद

अमेरिकेतील मूलनिवासी जमातींचे प्रमुखपद वंशपरंपरेनेच चालत येते, हा समज चेरोकी जमातीच्या इतिहासाला धरून नाही. या जमातीने १८२७ सालीच स्वतःची लिखित राज्यघटना स्वीकारली होती आणि १८३८-३९ च्या सक्तीच्या स्थलांतरात हजारो माणसे दगावल्यानंतरही, पश्चिमेकडील नव्या भूमीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, तिने निवडणुकीची प्रथा टिकवून धरली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य स्थापन झाले, जमातीची सामाईक जमीन त्याआधीच माणसागणिक तुकड्यांत वाटली गेली होती, आणि पुढे अनेक दशके प्रमुखाची नेमणूक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष करीत राहिले; मतदानाने प्रमुख निवडण्याचा हक्क परत मिळाला तो १९७० साली.

विल्मा मॅनकिलर यांचे कार्य या परत मिळालेल्या हक्काच्या संदर्भातच समजून घ्यावे लागते. चेरोकी वडील आणि डच-आयरिश वंशाची आई यांच्या पोटी १९४५ मध्ये जन्मलेल्या विल्मा १९५६ मध्ये, मूलनिवासींना शहरांत वसवण्याच्या सरकारी योजनेखाली, कुटुंबासह सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या, आणि १९६९ मध्ये मूलनिवासी तरुणांनी अल्काट्राझ बेटाचा ताबा घेतला तेव्हा त्या चळवळीने त्यांना सार्वजनिक जीवनात ओढले. ओक्लाहोमात परतल्यावर बेल या गरीब वस्तीत, जिथे अनेक घरांना नळ नव्हता, त्यांनी गावकऱ्यांच्याच श्रमदानातून सुमारे १६ मैलांची जलवाहिनी उभारण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या नेतृत्वाचा खरा पाया हाच होय, कारण वस्तीने आपल्या गरजा स्वतः ठरवाव्यात आणि स्वतःच्या हातांनी पुऱ्या कराव्यात, हा त्यांचा आग्रह येथे प्रत्यक्ष कसाला लागला.

१९८३ मध्ये उपप्रमुखपदासाठी उभ्या राहिल्यावर त्या स्त्री आहेत म्हणून त्यांना कडवा विरोध झाला. ज्या समाजात कूळ आईकडून ठरत असे आणि स्त्रियांच्या मताला सभेत वजन होते, त्या समाजात या विरोधाला परंपरेचा आधार शोधणे व्यर्थ होते. तरीही त्या निवडून आल्या, आणि १९८५ मध्ये तत्कालीन प्रमुख केंद्र सरकारच्या सेवेत गेल्याने प्रमुखपद त्यांच्याकडे आले. १९८७ मध्ये त्या स्वबळावर निवडून आल्या, आणि १९९१ मध्ये तर मतदारांनी त्यांना ८० टक्क्यांहून अधिक मते दिली. प्रकृतीमुळे १९९५ मध्ये त्या पदावरून दूर झाल्या. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

मायकेल वॉलिस यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी लिहिलेल्या आत्मचरित्रात स्वतःच्या आयुष्याइतकीच जागा जमातीच्या इतिहासाला आहे, आणि २००४ च्या पुस्तकात तर त्यांनी निरनिराळ्या जमातींतील स्त्रियांनाच बोलते केले.