फैजपूर, नाताळ १९३६

शालेय इतिहासात फैजपूरच्या वाट्याला एकच ओळ येते : खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. ओळ खरी आहे. पण ती अध्यक्षांच्या नावापाशी थांबते आणि ज्यांचे ऋण अधिक, ते सारे बाहेर राहतात.

फैजपूर हे तेव्हाच्या पूर्व खानदेशातील, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. त्यापूर्वीची एकूणपन्नास अधिवेशने शहरांतून झाली. पन्नासावे खेड्यात व्हावे, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनाहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. बोस यांनी वास्तुशिल्पी म्हात्रे यांच्या साथीने बांबू, गवत, चटया अशा गावाकडच्या साध्या वस्तूंतून ‘टिळकनगर’ उभे केले. खादी व ग्रामोद्योगाचे प्रदर्शन तेथे गांधीजींनी खुले केले, तो दिवस २५ डिसेंबरचा. व्यवस्थेचे श्रेय त्यांनी भाषणात या दोघा कलावंतांना जाहीरपणे दिले. दिवसाचा हा योगायोगच. त्यात आम्ही कोणताही संकेत शोधत नाही. तरीही आमच्या घरोघरी ज्या दिवशी गवताच्या गोठ्याभोवती मेणबत्त्या लागतात, त्याच दिवशी खानदेशातील एका शेतात राष्ट्राचे घर बांबू-गवताचे असावे, हे वाचताना आम्ही क्षणभर थबकतो. गव्हाण हा शब्द आम्हांला शुभवर्तमानातून भेटतो. फैजपूरच्या शेतकऱ्याला तो रोज सकाळी, बैलांना वैरण टाकताना. त्याच बैलांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून अध्यक्षांना मिरवणुकीने आणण्यात आले.

या सोहळ्यामागे राबणाऱ्यांत एक मास्तर होते. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, म्हणजे प्रदर्शन उघडले त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी सदतिसावे वर्ष पूर्ण केले होते. माणूस कोकणातील पालगडचा. पण अमळनेरच्या शाळेत शिकवता शिकवता तो खानदेशचा झाला. १९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत, तेव्हा साने गुरुजी ते शब्द उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती या लेखणीमुळे. पुढच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारीच्या ९ ते १३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर सोबती जमतात आणि श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, एवढीच त्या पुस्तकाची मांडणी. आठवणी तरी कसल्या? पायाच्या तळव्यांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला, मनही तसेच जप, असे सांगणारी आई. रात्रीच्या जेवणाआधी आमच्या घरांत रोझरी होते आणि मग आजी गोष्ट सांगते. त्या घरांतल्या मुलांना ही मांडणी परकी वाटू नये.

तळवे जपणारा तो श्याम फैजपुरात काय करीत होता? साने गुरुजी अधिवेशनाच्या तयारीत तर होतेच. शिवाय त्यांनी तेथे ग्रामसफाई केली, मैला वाहून नेला. जन्माने ब्राह्मण, पेशाने शिक्षक असलेल्या माणसाने १९३६ साली हे काम अंगावर घेणे म्हणजे काय, याची कल्पना आज सहज यायची नाही. पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्येही पाय धुतले जातात. वर्षातून एकदा, आधीच स्वच्छ करून आणलेले पाय!

अधिवेशनात शेतकऱ्यांसाठी कृषी कार्यक्रम मंजूर झाला. कर्ज आणि खंड यांचे ओझे हलके करण्याची भाषा त्यात होती. ठराव अभ्यासक वाचतात. लोकांत सांगितली जाते ती वेगळीच गोष्ट. ध्वज चढवताना तो वरती मध्येच अडकला. हजारो डोळे वर लागलेले असताना शिरपूरचा किसनसिंह राजपूत हा तरुण काठीवर सरसर चढला, त्याने गाठ मोकळी केली आणि तो खाली उतरला.

अधिवेशनासाठी झटलेल्या खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरी यांचे नाव फैजपूरच्या महाविद्यालयाने १९६१ पासून जपले आहे. बांबू तासणाऱ्या, चटया विणणाऱ्या हातांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. ती कुठे असलीच, तर त्या परिसरातल्या एखाद्या ओट्यावर, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, आपल्या आजोबांची गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी असतील.